वर्षावासाच्या वाटेने

आषाढातल्या रविवारी पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मळवलीला अर्धा डबा उतरतो आणि एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या धबधब्याकडे माणसांची रांग लागते. भिजून झाले, भाजलेले कणीस खाऊन झाले की त्यातले थोडेजण पायऱ्या चढून लेण्यांत येतात. बरेचदा पाऊस वाढला म्हणून, आडोशाला. मला ते नेहमी चांगले वाटते. ही लेणी ज्या कारणासाठी खोदली गेली, त्याच कारणासाठी ही माणसे आत आलेली असतात.

बौद्ध धम्माची ओळख कुठून सुरू करावी, असे कोणी विचारले की मी पावसापासून असे सांगतो. भिक्खूने एका जागी राहू नये, गावोगाव फिरावे, भिक्षेवर जगावे आणि लोकांना धम्म सांगावा, हा संघाचा मूळ रिवाज. विनयपिटकात अशी हकीकत आहे, की पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहिले तेव्हा लोकांनी तक्रार केली: हे हिरवे गवत तुडवतात, पावसात वर आलेले बारीक जीव यांच्या पायाखाली मरतात. बुद्धांनी तक्रार ऐकून घेतली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. तो वर्षावास. नवख्या माणसाने या छोट्या हकीकतीवर जरा थांबावे. नियम आकाशातून आलेला नाही; लोकांच्या तक्रारीतून आला, आणि त्याच्या मुळाशी गवताच्या पात्याची आणि किड्या-मुंगीची काळजी आहे. पुढे धम्मात जे जे वाचाल, त्याची चव थोडीफार अशीच लागेल.

आता मावळ डोळ्यांसमोर आणा. घाटमाथ्यावरचा पाऊस चार-चार दिवस थांबत नाही. झाडाखाली निभावणे शक्य नाही. खाली कोकणात सोपारा आणि कल्याण ही बंदरे, वर जुन्नर, पैठण, तेर या बाजारपेठा, आणि मध्ये बोरघाट. या वाटेने तांडे जात-येत. त्यांच्या दानावर, वाटेपासून फार लांब नाही आणि अगदी वाटेवरही नाही अशा जागी, कातळात घरे कोरली गेली. म्हणून माझी पहिली विनंती: यांना गुहा म्हणू नका. गुहा निसर्गाची असते. हे लेणे आहे, माणसाने छिन्नीने कोरलेले. हा शब्दही लेण्यांइतकाच जुना; प्राकृत शिलालेखांत तो 'लेण' म्हणून येतो.

आधी भाजे पाहावे. मळवली स्टेशनवरून चालत पाऊण तासात पोचता येते. पुरातत्त्व खात्याचे माफक तिकीट काढून वर गेलात की एकूण बावीस लेणी आहेत, आणि त्यांतले मोठे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनेचे दालन, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक. आत गेल्यावर लगेच फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांब आहेत आणि ते किंचित आत कललेले आहेत. आधी लाकडी घरे बांधणाऱ्या कारागिरांनी इथे दगडात काम केले. लाकडाचा खांब आत कलता ठेवला की छताचा भार पेलतो, ती सवय दगडातही उतरली. वर कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. त्या नंतर कोणी लावलेल्या नाहीत, मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांहून जुने लाकूड आपल्या डोक्यावर असते आणि बहुतेकजण मान वर न करता निघून जातात.

टोकाला स्तूप आहे. इथे बुद्धांची मूर्ती शोधू नका, ती नाही. सुरुवातीच्या शतकांत बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवत नसत. महापरिनिर्वाणानंतर अस्थी वाटून घेऊन त्यांवर स्तूप उभारले गेले, आणि स्तूप हीच बुद्धांची आठवण झाली. त्याचे भाग ओळखायला शिका, म्हणजे पुढे कुठल्याही लेण्यात वाट चुकणार नाही. खालचा गोल चौथरा ती मेधी, त्यावरचा घुमट ते अंड, त्यावरची चौकोनी पेटीसारखी रचना ती हर्मिका, आणि सगळ्यांच्या वर छत्र. भिंतींवर आडव्या-उभ्या पट्ट्यांचे कुंपणासारखे नक्षीकाम दिसेल, ती वेदिका. पवित्र जागेभोवतीच्या लाकडी कठड्याची दगडातली आठवण. दर्शनी कमानीला आणि भिंतींवरच्या छोट्या गवाक्षांना पिंपळपानाचा आकार आहे. ज्या झाडाखाली संबोधी झाली त्याचे पान या आकारात अनेकांना दिसते. हा आकार लाकडी छताच्या टोकावरून आला, असेही अभ्यासक सांगतात. मला दोन्ही ऐकायला आवडते.

खांबांच्या मागून जी अरुंद वाट स्तूपाला वळसा घालते, ती प्रदक्षिणेची. स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील असे चालायचे, गप्प राहून, सावकाश. एवढे केलेत तरी बौद्ध उपासनेतली सर्वांत जुनी कृती तुम्ही केलीत. कोणी पुजारी लागत नाही, काही मागायचे नसते.

चैत्यगृहाच्या दक्षिणेला थोडे पुढे चौदा छोट्या स्तूपांचा एक समूह आहे. काही छताखाली, काही उघड्यावर. ज्येष्ठ भिक्खूंचे, म्हणजे थेरांचे हे स्तूप. काहींवर नावेही कोरलेली आहेत. कोणी धम्मगिरी, कोणी संघदिन. माणूस कसा दिसत होता, कुठल्या घरातला होता, यातले काहीच नाही. फक्त नाव आणि दगडाचा घुमट. बौद्ध विचारातला 'अनत्ता' समजावून सांगताना मी माणसांना इथे उभे करतो. 'मी' म्हणून ज्याला आपण घट्ट धरतो ते शरीर, संवेदना, सवयी, विचार यांचे सतत बदलणारे गाठोडे आहे. त्याच्या आत न बदलणारा कोणी मालक बसलेला नाही, असे हे सांगणे. ऐकायला कठीण वाटते. या चौदा स्तूपांजवळ पाच मिनिटे बसले की निदान भीती वाटत नाही.

मग एखाद्या विहारात शिरा. मधे मोकळी जागा, तीन बाजूंना खोल्या, आणि खोलीत झोपायला दगडी ओटा. बाहेर कातळात पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात आणि डोंगर फिरणारी मुले आजही तो शब्द वापरतात. भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठच: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे गाळणे. पाण्यातला जीव पोटात जाऊन मरू नये म्हणून गाळणे. हा ओटा आणि ही पोढी यांमध्ये मध्यम मार्ग दिसतो. अंगाला क्लेश देणारी तपश्चर्या सिद्धार्थाने करून पाहिली आणि सोडली. राजवाडा त्याआधीच सोडला होता. छप्पर आहे, पाणी आहे, पाठ टेकायला जागा आहे. त्याहून जास्त नाही.

याच ओट्यावर बसून चार आर्यसत्ये सांगावीत. जगण्यात दुःख आहे. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे तृष्णा, हवे-हवेपण. कारण आहे म्हणून त्याचा निरोधही शक्य आहे. आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे, तो अष्टांगिक. वैद्य जसा रोग, कारण, बरे होण्याची शक्यता आणि उपचार या क्रमाने बोलतो तसेच. अष्टांगिक मार्गातली आठ नावे पहिल्याच दिवशी पाठ करण्याची घाई नको. त्यात बोलणे नीट असणे आहे, पोट भरण्याचा धंदा नीट असणे आहे, आणि मन सजग ठेवणेही आहे, एवढे आधी लक्षात राहिले तरी खूप झाले. बुद्ध हे सांगणारे शास्ते आहेत, मार्गदाता आहेत. वर देणारा देव या अर्थाने त्यांच्याकडे पाहिले की सगळी मांडणीच विस्कटते.

दुसऱ्या दिवशी बेडसे आणि कार्ले. क्रमाचे कारण उजेड. बेडशाचे लेणे पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथे सकाळी जावे. कार्ल्याचे पश्चिमेकडे, तिथे दुपार कलल्यावर.

बेडशासाठी कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने करुंज-बेडसे गाठायचे आणि चार-एकशे पायऱ्या चढायच्या. गर्दी नसते. ओसरीतल्या चार प्रचंड खांबांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत, आणि सकाळच्या उन्हात त्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. संन्याशांच्या जागी दागिने घातलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कशाला, असे लोक विचारतात. संघ नुसत्या भिक्खूंचा नव्हता. भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका अशी चौघांची ती घडी, आणि संसारी माणसांच्या कमाईशिवाय एकही छिन्नी चालली नसती. इथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे, पुष्यनकाचे दान नोंदवलेले आहे. दुसरा लेख एका छोट्या स्तूपाजवळ आहे: अरण्यात राहणाऱ्या आणि फक्त भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या थेरांचा हा स्तूप, त्यांच्या शिष्याने करवलेला. व्यापाऱ्याचा मुलगा आणि अरण्यवासी, दोघांची आठवण एकाच डोंगरात. बेडशाचा विहारही पाहायला विसरू नका. विहार सहसा चौकोनी असतो, हा मागच्या बाजूला चैत्यासारखा गोलाकार आहे.

कार्ल्याला पोचाल तेव्हा पायऱ्यांवर नारळ, हार, खण यांची दुकाने आणि एकवीरा आईच्या दर्शनाला आलेली आगरी-कोळी कुटुंबे भेटतील. देऊळ चैत्यगृहाच्या दाराशीच आहे. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र या दिवसांत लेणे पाहायचा हट्ट धरू नये. त्या दिवसांची गर्दी देवीची असते. इतर वेळी एका अंगणात दोन्ही रांगा सुखाने चालतात. ज्याला जिथे हात जोडायचे तिथे त्याने जोडावेत, दुसऱ्याच्या श्रद्धेवर शेरा मारू नये.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची ४५ फुटांच्या आसपास. खांब सदतीस. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब पाण्याच्या रांजणातून उगवल्यासारखे दिसतात आणि वर हत्तींवर बसलेली माणसे आहेत. स्तूपाच्या मागचे सात मात्र अगदी साधे, अष्टकोनी. दाराबाहेरचा सिंहस्तंभ पाहा. बुद्धांना शाक्यसिंह म्हणतात आणि त्यांच्या उपदेशाला सिंहनाद, म्हणून सिंह. स्तूपावरचे लाकडी छत्र आणि छताच्या फासळ्या इथेही टिकून आहेत. दुपारनंतर मोठ्या गवाक्षातून ऊन आत उतरते आणि स्तूपापर्यंत पोचते. त्या वेळी तिथे असणे यासाठी मी पुष्कळदा पुढची लोकल सोडली आहे.

पण कार्ल्याला जायचे ते शिलालेखांसाठी. ब्राह्मी वाचता आली नाही तरी अक्षरांवरून नजर फिरवा आणि ती कोणाची आहेत हे आठवा. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करवले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे असे अभिमानाने लिहून ठेवले. सिंहस्तंभ अग्निमित्रणक या महारठीचा. धेनुकाकट गावच्या एका गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दाराचे काम करवले. त्याच गावचा एक सुतार आहे. यवन म्हणवणारे, दूरदेशीचे मूळ सांगणारे दाते आहेत आणि त्यांची दाने खांबांवर आहेत. सोपाऱ्याचा एक भाणक, म्हणजे सुत्ते मुखोद्गत म्हणणारा भिक्खू, त्याने अस्थी ठेवलेला खांब दिला. एका भिक्खुणीचेही दान आहे. जात, जन्म, देश यांवरून माणसाची किंमत ठरवू नये हे बौद्ध तत्त्व मला ग्रंथांत वाचून जेवढे पटले, त्याहून अधिक या खांबांच्या ओळीने पटवले. गंधी, सुतार, यवन, महारठी एकाच छताचा भार वाहतात.

आणि एक लेख तर थेट पावसाचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिले, ते वलुरकच्या लेण्यांत, म्हणजे इथेच, वर्षावास करणाऱ्या सगळ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. राज्य बदलले, पण त्याच गावाच्या दानाचा हुकूम सातवाहनांच्या नावानेही इथे कोरलेला आहे, आणि तो 'मामाल' इथल्या अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. करजिक हे आजचे करंजगाव असावे, असे अभ्यासक मानतात. कामशेतजवळून जाताना त्या गावाची पाटी दिसली की मला गाडी थांबवावीशी वाटते.

कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरही जोडपी कोरलेली आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्तीही दिसतील. त्या चैत्यगृहानंतर काही शतकांनी कोरलेल्या. महायान परंपरा वाढल्यावर बुद्ध मानवी रूपात दाखवले जाऊ लागले. म्हणून भाजे ते कार्ले हा प्रवास केला की चिन्हापासून मूर्तीपर्यंतचा काळ पायाखालून जातो. हात पाहायला शिका. दोन्ही हात छातीजवळ, बोटे जणू चाक फिरवत आहेत, ती धम्मचक्र प्रवर्तन मुद्रा. सारनाथच्या पहिल्या उपदेशाची. उजवा हात उघडा, तळवा समोर, ती अभय मुद्रा. मांडीवर हात एकावर एक, ती ध्यान मुद्रा. उजव्या हाताची बोटे जमिनीला लागली, ती भूमिस्पर्श.

लेण्यांत वागायचे कसे, तेही सांगतो, कारण यात आपण फार चुकतो. स्तूपावर चढू नये, त्याला टेकून फोटो काढू नये. भाजे आणि कार्ले इथे प्राचीन लाकूड आहे, म्हणून आत मेणबत्ती, अगरबत्ती पेटवू नये. वंदना करायची असेल तर हात जोडून, हळू आवाजात करावी. कमानदार छतात आवाज असा घुमतो की हळू म्हटलेलेही पुरेसे होते. मोबाईलवर गाणी लावू नयेत. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असते, बूट चांगल्या पकडीचे घालावेत आणि अंधार पडायच्या आत उतरावे.

एवढे पाहून कोणी समजले की बौद्ध धम्म ही गेलेल्या काळाची गोष्ट आहे, तर ओळख अर्धवट राहिली. त्यासाठी परतीच्या वाटेवर देहूरोडला उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि लेण्यांतून शेकडो वर्षांपूर्वी विझलेला वंदनेचा आवाज वस्त्यावस्त्यांतून पुन्हा सुरू झाला. महाराष्ट्रात आज ज्याला बौद्ध धम्म म्हणतात त्यात प्रज्ञा, शील, करुणेसोबत समतेचा आग्रह का इतका ठळक आहे, हे या तारखांमागचा अपमानाचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय कळणार नाही.

कुठल्याही गावातल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी गेलात तर तुमचे स्वागतच होईल. कोणी 'जय भीम' म्हणेल, कोणी 'नमो बुद्धाय'. तसेच उत्तर द्यावे. शक्य असेल तर पांढरे कपडे घालावेत, सक्ती नसते. चपला बाहेर. बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा असते. फुले वाहतात, कारण फूल कोमेजते आणि आपलेही तेच आहे, हे ध्यानात राहावे म्हणून. मेणबत्ती ज्ञानाच्या उजेडासाठी, अगरबत्ती चांगल्या वागण्याच्या सुगंधासाठी. गुडघे टेकून तीन वेळा पंचांग प्रणाम करतात. मग पालीतून त्रिशरण: बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे. पाठोपाठ पंचशील: जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशा यांपासून दूर राहण्याचा संकल्प. लक्षात घ्या, पंचशील ही कोणी दिलेली आज्ञा नसते. प्रत्येकजण ते स्वतःच्या तोंडाने स्वतःसाठी घेतो. पाली येत नसेल तर शांत उभे राहिले तरी चालते. शेवटी सगळे मिळून तीनदा 'साधु' म्हणतात.

विहारावरचा निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी पट्ट्यांचा पंचशील ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत पहिल्यांदा फडकला. आणि धम्मचक्र तुम्ही रोज पाहताच. तिरंग्यावरचे चोवीस आऱ्यांचे चाक अशोकाच्या सारनाथच्या सिंहस्तंभावरून घेतलेले आहे. आठ आऱ्यांचे असेल तर ते अष्टांगिक मार्गाचे.

वाचायला काय घ्यावे, असे विचाराल तर धर्मानंद कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आधी. गोव्यातून निघून श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घालून आलेल्या या माणसाने पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, आणि त्यांचे मराठी कुठेही अडत नाही. त्यांचे चिरंजीव, गणिती दा. ध. कोसंबी, यांनी कार्ल्याचा परिसर पायी धुंडाळून त्यावर लिहिले. मग बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी अनुवाद सहज मिळतो.

हा दुसरा ग्रंथ मात्र शक्यतो एकट्याने सुरू करू नका. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ विहारांत संध्याकाळी त्याचे वाचन सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. दिवसभर कामावर जाऊन आलेली माणसे येतात, बायका मुलांना घेऊन येतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधे कोणी शंका विचारते. बाहेर पाऊस असतो. आपल्या जवळचा विहार शोधा, पहिल्या संध्याकाळी वेळेवर जा आणि सतरंजीवर मागे जागा असेल तिथे बसा. वाचनाची पाळी फिरत असते. दोन-चार आठवड्यांत कोणीतरी ग्रंथ तुमच्याही हातात देईल.